थोरलीने आधी पेरायचं

आमच्या म्हाताऱ्याला, म्हणजे ओगुतूला, देव भेटला तेव्हा त्याचं वय अडुसष्ट होतं आणि घरात तीन बायका होत्या. देव भेटल्यावर एकच उरली. ती मी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. मी मधली, अजुआंग. मला कुणी ठेवून घेईल अशी आशा मलाही नव्हती. थोरलीला मात्र होती, आणि ही गोष्ट तिची आहे.

थोरली रिस्पा. मिशनच्या शाळेत शिकलेली, बाराव्या वर्षी बाप्तिस्मा घेतलेली. अठराव्या वर्षी तिच्या बापाने ओगुतूच्या गायी घेतल्या आणि ती आमच्या वाडीत आली. लग्न गायींनी झालं, अंगठीने नाही. ती चर्चमधल्या लग्नासाठी मागे लागली की ओगुतू हसायचा. "अंगठी घातली की गाय जास्त दूध देते का गं?" म्हणायचा. मग त्याने मला आणलं, आणि चर्चच्या मंडळीच्या वहीत रिस्पाच्या नावापुढे रेघ पडली. अनेक बायका करणाऱ्याची बायको, म्हणून प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-प्याल्याला, अपात्र. बायका केल्या त्याने आणि उपाशी ठेवलं हिला. हे मी पहिल्यापासून म्हणत आले, पण माझं कोण ऐकतं?

चर्च झाडायची ती. पोरांना गाणी शिकवायची ती. भिंती लिंपायला सरोवरावरून पाणी डोक्यावर आणायची तीच. आणि रविवारी भाकर आणि प्याला पुढे आला की उठून बाहेर जायची, आंब्याखाली बाप्तिस्मा न झालेल्या बायकांत बसायची. त्यांत मीही असायचे. आत सगळे रांगेत उभे असताना ती डोळे मिटून बसायची. बेचाळीस वर्षं असंच चाललं.

एकदा मी तिला म्हटलं, "एवढ्याशा तुकड्यासाठी कशाला जीव टाकतेस, मिकायी?" मिकायी म्हणजे थोरली बायको. आम्ही सगळे तिला तेच म्हणायचो.

ती म्हणाली, "तुला नाही कळायचं. आईच्या घरी जेवायला बोलावलंय आणि मला अंगणात बसवलंय, असं वाटतं."

तर ओगुतू. त्याच्या छातीत एकदा कळ आली आणि त्याला मरणाची भीती बसली. मरणापेक्षाही जास्त भीती अशी की आपल्याला गाण्याबजावण्याशिवाय पुरतील. शेजारचा ओमोलो मेला तेव्हा चर्चच्या गायकांनी तीन दिवस गाणी म्हटली होती, ते म्हाताऱ्याच्या मनात घर करून बसलं होतं. तो सरळ पाळक मेशाककडे गेला. मेशाक तरुण माणूस, शहरातून आलेला, मोटरसायकलवर फिरणारा. तो म्हणाला, बाप्तिस्मा देतो, पण एकच बायको ठेवायची. ती निवडा, तिच्याशी अंगठीचं लग्न लावू. बाकीच्या दोघी तुमच्या बहिणींसारख्या.

त्या रविवारी रिस्पा पुढच्या बाकावर बसली होती. केस नीट बांधलेले, हात मांडीवर. मला तिची पाठ दिसत होती. ती तयार होती. आम्हालाही वाटत होतं, दुसरं कोण? पाळकांनी विचारलं, "झाब्लोन, कोणाला निवडता?" बाप्तिस्म्यासाठी ठरवलेलं हे नाव नवं होतं, त्यामुळे म्हाताऱ्याला आधी कळलंच नाही की आपल्याला विचारतायत. मग तो उठला आणि बाजारात मासा दाखवावा तसं बोट करून म्हणाला, "ती. बेरिल."

बेरिल आमची धाकटी. एकोणतीस वर्षांची, दोन लहान पोरांची आई. ती बिचारी दचकली. नंतर खूश झाली, तेही साहजिक होतं.

सरोवरात बाप्तिस्मा झाला. पाळकांनी बुडवलं तेव्हा म्हातारा घाबरून त्यांच्याच गळ्यात पडला आणि दोघेही पाण्यात गेले. मी पोट धरून हसले. त्या वर्षात मी तेवढंच हसले असेन. लग्नात बेरिलला पांढरा झगा आणि आम्हा दोघींना चूल. दोनशे माणसांचा भात आणि दोन बोकड आम्ही रांधले. धुरातून रिस्पाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कुणी विचारलं की ती धुराकडे बोट करायची.

जेवणं झाल्यावर पाळक मागच्या अंगणात आले. चांगला मनुष्य आहे, वाईट म्हणवत नाही. ते तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "रिस्पाआई, रडू नका. आज तुम्ही मोकळ्या झालात. आता तुम्ही कुणाच्या अनेक बायकांतल्या एक नाही. एक वर्ष त्यांच्यापासून वेगळ्या राहा. त्यांना ताट वाढायचं नाही, घरात घ्यायचं नाही. पुढच्या ईस्टरला मी माझ्या हाताने तुम्हाला प्रभुभोजन देईन."

ती रडायची थांबली. मला इतका संताप आला की हातातला डाव टाकून द्यावासा वाटला. घर गेलं, नवरा गेला, मान गेला, आणि ही बाई ओल्या डोळ्यांनी हसत होती.

ते वर्ष तिने तपासारखं काढलं. तिचं घर वाडीच्या मधोमध, फाटकाच्या समोर, थोरलीचं असतं तिथेच. त्या दाराशी ओगुतूची सावलीही पडली नाही. तो बेरिलकडे जेवायचा आणि मक्याच्या पिठाची उगाली कच्ची राहते म्हणून कुरकुरायचा. रिस्पा संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायची. एकदा लाजत लाजत विचारते, "आता म्हणे एकाच प्याल्यातून देत नाहीत? लहान लहान पेले असतात म्हणे?"

"मला काय माहीत? मी तुझ्याबरोबरच आंब्याखाली असते."

"पेला उजव्या हाताने घ्यायचा की दोन्ही हातांनी?"

"तोंडाने प्यायचा," मी म्हटलं. ती रागावली, मग हसली. साठी उलटलेली बाई, पण बोलताना लग्न ठरलेल्या पोरीसारखी दिसत होती.

ईस्टरला चाळीस दिवस उरले होते तेव्हा पाऊस आला, आणि तिथून सगळं बिघडलं.

आमच्याकडे थोरलीने आधी पेरायचं असतं. तिने पहिली मूठ टाकल्याशिवाय वाडीतलं कुणी बी मातीत टाकत नाही, ना सवती, ना मुलं, ना सुना. आणि त्याच्या आदल्या रात्री घरधन्याने नवरा म्हणून थोरलीच्या घरी झोपायचं असतं. त्याशिवाय बी निघत नाही. हा क्रम मोडला तर दोष लागतो आणि तो पोरांवर येतो, नाहीतर घरधन्यावर. हे मी ऐकीव सांगत नाही. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी हट्टाने थोरलीच्या आधी घेवडा पेरला होता. त्याच पावसात माझी पहिली मुलगी गेली, सात महिन्यांची. डॉक्टर हिवताप म्हणाला. डॉक्टर म्हणणारच.

शेजारच्या शेतांत लोक वाकलेले दिसू लागले. आमची जमीन तशीच. ओगुतूने आठवडा नुसत्या येरझाऱ्यांत घालवला. पाळकांनी रविवारी सांगितलं, "प्रभूच्या नावाने कुणीही पेरा, भिऊ नका." म्हातारा सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणाला आणि घरी येऊन बियाण्याच्या पोत्याला हातही लावला नाही.

बेरिल म्हणाली, "मी पेरते की. अंगठी माझ्या बोटात आहे."

ओगुतू ओरडला, "विधवा व्हायची घाई झालीय का तुला? खाली ठेव ते बी!"

मग त्याने सगळ्यांना अंगणात जमवलं. रिस्पाचा मोठा मुलगा ओचोला, माझा ओबुया, सुना, कडेवरची पोरं. म्हणाला, "रिस्पाने मला एक रात्र घरात घ्यावं. पेरणीपुरतं."

रिस्पा म्हणाली, "मी तुमची बायको नाही. चर्चमध्ये तुम्हीच सांगितलंत. सगळ्यांसमोर बोट दाखवून सांगितलंत."

"ते चर्चमध्ये. हे शेत आहे."

"मग शेतात जाऊन बेरिलकडे बोट दाखवा."

ओचोला आईच्या पायाकडे बघत होता. त्याची बायको पोटुशी, घरात मागच्या हंगामाचा मका संपत आलेला. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे आणि ती एकटी स्टुलावर. मग ती उठून घरात गेली आणि दार लावून घेतलं.

आणखी पाच दिवस गेले. जमीन वाळायला लागली. शेवटी मी गेले तिच्याकडे. मला कुणी पाठवलं नव्हतं. माझी मी गेले, आणि म्हणून माझ्याकडे दुसऱ्या कुणाला दोष द्यायची सोय नाही.

म्हटलं, "मिकायी, माझे चार नातू आहेत. तुझे सहा. मक्याशिवाय काय घालायचं त्यांना? नुसती सुकी मासळी?"

"चाळीस दिवस उरले होते, आता अठ्ठावीस राहिलेत," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षांतले अठ्ठावीस दिवस. तूसुद्धा एवढे देणार नाहीस मला?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी हटले नाही. "माझी पोरगी गेली ते आठवतंय ना तुला? तूच तिला न्हाऊ घातलं होतंस."

तिने उठून दार उघडलं. मग म्हणाली, "येऊ दे त्याला. पण दाराशी झोपेल. अंगाला हात लागणार नाही. लोकांना काय समजायचं ते समजू देत."

दुसऱ्या दिवशी पहाटे ओगुतू तिच्या घरातून बाहेर पडला तो मुद्दाम खाकरत, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा. थोड्या वेळाने रिस्पा कुदळ आणि टोपलं घेऊन निघाली. तिने पहिली मूठ टाकली. मग मी, मग बेरिल, मग सुना. ओचोलाने शीळ घातली. पोरं बैलामागे धावत सुटली. वाडीत किती दिवसांनी आवाज आला!

मी तिच्या शेजारच्या सरीत होते. ती खाली वाकल्या वाकल्या हळूच म्हणाली, "दाराशी कातड्यावर पडला आणि घोरत राहिला. मी खुर्चीवर बसून गाण्यांचं पुस्तक वाचलं, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. काही झालं नाही, अजुआंग. तू कुणाला सांगू नकोस, पोरं घाबरतील. पण एका तरी माणसाला खरं ठाऊक असावं म्हणून तुला सांगते."

मी मान हलवली. म्हणजे पेरणी खोटी? बी तर मातीत गेलं होतं. त्या दिवसापासून मी रोज सकाळी दहाही नातवंडांच्या अंगाला हात लावून बघू लागले. रिस्पाला बघितलं की वाटायचं, ही चर्चमधली शिकलेली, हिला भीती नाही. आणि मला आहे, तर मी काय करू?

मका चांगला उगवला. पण बेरिल त्या रात्री एकटी होती आणि ते तिला झोंबलं. तिने पाळकांच्या बायकोला सांगितलं. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, त्या दिवसाच्या रीतीप्रमाणे लोक झावळ्या घेऊन बसलेले असताना, पाळकांनी ओगुतूला पुढे बोलावलं. "झाब्लोन, पेरणीच्या आदल्या रात्री तुम्ही कुठे होतात?"

म्हातारा उभा राहिला. समोरच्या बाकांवर त्याचे सगळे मुलगे, सुना, मांडीवर पोरं. काही झालं नाही असं म्हटलं असतं तर देवासमोर सुटला असता. पण मग पेरणी खोटी ठरली असती, मुलांनी पीक उपटलं असतं, आणि सगळ्या गावाला कळलं असतं की थोरलीने ओगुतूला दाराशी झोपवलं. त्याने एकदा मुलांकडे बघितलं आणि तो रडायलाच लागला. "मी अशक्त माणूस आहे," म्हणाला. "त्या बाईने पेरणीचं निमित्त करून मला बोलावलं. मी पडलो, पाळक, मी पडलो."

पाळकांनी त्याला मिठी मारली. गायकांनी क्षमेचं गाणं धरलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. पाळक म्हणाले, "जो कबूल करतो त्याला प्रभू परत पाठवत नाही. झाब्लोन ईस्टरला आपल्याबरोबर रांगेत उभे राहतील." मग ते रिस्पाकडे वळले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. त्यांनी खरोखर तिच्यावर विश्वास टाकला होता.

"रिस्पाआई, हे खरं आहे?"

ती उठली. पुढच्या बाकाची पाठ तिने दोन्ही हातांनी धरली होती. तिने ओगुतूकडे बघितलं नाही. ओचोलाकडे बघितलं, त्याच्या बायकोच्या पोटाकडे बघितलं. मग मान वळवून तिने मला शोधलं. मी मागच्या बाकावर होते. मला उठायचं होतं. उठून म्हणायचं होतं की हा म्हातारा खोटं बोलतोय, मला ठाऊक आहे, मला तिने सांगितलंय. पण माझ्या मांडीवर ओबुयाचं धाकटं पोर होतं, आणि शेतात मका वीतभर आला होता. मी खाली बघितलं.

"हो," रिस्पा म्हणाली.

चर्चमध्ये कुजबुज झाली. पाळकांनी डोळे पुसले, मग वही उघडली. ते म्हणाले, तिने वचन दिलं होतं आणि मोडलं. दुसऱ्या बाईच्या अंगठीचा नवरा तिने घरात घेतला. आता ती एकाच वाडीत त्याच्याजवळ राहते तोवर, म्हणजे तो जिवंत आहे तोवर, तिला प्रभुभोजन मिळणार नाही. बेरिलच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तिला एवढं नको होतं, हे मी तिच्या बाजूने सांगते.

ईस्टरला रिस्पा आली नाही. चर्च मात्र आदल्या दिवशी झाडून गेली. ओगुतूने नवा सदरा घातला होता. या वेळी मी आंब्याखालून उठून दारातून बघितलं. तो रांगेत उभा राहिला, त्याने दोन्ही हातांनी लहानसा पेला घेतला आणि ठसका लागेपर्यंत प्यायला.

मी परत आले तेव्हा ती घराच्या पायरीवर शेंगा सोलत होती. मी समोर बसले आणि शेंगा ओढून घेतल्या. बराच वेळ आम्ही दोघी सोलत होतो.

"मी गप्प बसले," मी म्हटलं.

"मी बघितलं."

"मला शिव्या तरी दे."

"शिव्या देऊन काय होणार आहे? तू बोलली असतीस तर मलाच तुला खोटं पाडावं लागलं असतं. ओचोलाच्या बायकोचं पोर हगवणीने गेलं असतं तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. तुझं गेलं तेव्हा तुझ्याकडे बघितलं तसं." तिने सोललेले दाणे टोपल्यात टाकले. "पाळक काय म्हणाले ते नीट ऐकलंस ना? तो जिवंत आहे तोवर."

"ऐकलं."

"म्हणजे आता मी रोज गुडघे टेकून त्याचं मरण मागायचं. दुसरा रस्ताच ठेवला नाही त्यांनी. आणि नवऱ्याचं मरण मागणाऱ्या बाईला कोण देणार गं ती भाकर?"

आणि तिला खरं तर याहून पुढचंही माहीत होतं. म्हातारा मेला की आमच्या रीतीप्रमाणे धाकटा दीर थोरलीच्या दाराशी येऊन बसणार, त्याला तिने घरात घेतल्याशिवाय मुलांना घरं बांधता येणार नाहीत, आणि दिराला घरात घेणाऱ्या विधवेसाठी मंडळीच्या वहीत पुन्हा वेगळी रेघ आहे. हे मी तिच्यासमोर बोलले नाही. ती शेंगा सोलत राहिली, आणि थोड्या वेळाने म्हाताऱ्याने बेरिलच्या दारातून हाक मारून विचारलं की पहिली खुरपणी कधी धरायची ते मिकायीने सांगावं.

"सांगते," ती म्हणाली.